कॅन्सस सिटी: मॅच बघायला जमलेल्यांपैकी तीन मित्र मागच्या अंगणात मेलेले सापडले. नक्की काय झालं असेल?

रात्रपाळी

मंडळी, अमेरिकेतली केस आहे, जानेवारी २०२४ ची. बऱ्याच जणांनी तेव्हाच वाचली असेल, मला आत्ता कळली कारण रात्री ड्युटीवर यूट्यूबने एकामागून एक व्हिडिओ लावून दिले आणि मी येड्यासारखा बघत बसलो.

तर झालं असं की कॅन्सस सिटी, मिसुरी. ७ जानेवारीचा रविवार, चीफ्स (कॅन्सस सिटीची टीम) आणि चार्जर्सची फुटबॉल मॅच (त्यांचा फुटबॉल, आपला नाही). पाच मित्र, शाळेपासूनची ओळख, सगळे चाळिशीच्या आत-बाहेर. एकाच्या भाड्याच्या घरी (सोयीसाठी त्यालाच घरमालक म्हणू) मॅच बघायला जमले. त्यातला एक जण रात्री निघून घरी गेला. बाकी तिघांचा दोन दिवस पत्ताच नाही. फोन नाही, मेसेज नाही. शेवटी ९ तारखेला रात्री त्यातल्या एकाची होणारी बायको तिथे गेली, दार कोणी उघडेना म्हणून तळघराच्या खिडकीतून आत शिरली आणि मागच्या पोर्चवर तिला एक बॉडी दिसली. पोलीस आल्यावर आणखी दोन सापडल्या, मागच्या अंगणात. आणि ज्याचं घर तो घरातच होता!! म्हणे झोपलो होतो, मला काहीच माहीत नाही. त्याचा वकील म्हणाला की तो कानात हेडफोन घालून आणि मोठ्या आवाजाचा पंखा लावून झोपतो.

आता हे पटतं का कोणाला? दोन दिवस? घरच्यांचाच प्रश्न होता की अरे आमच्या पोरांच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या, त्या पण दिसल्या नाहीत का. त्यात हा माणूस शास्त्रज्ञ, लॅबमध्ये काम करणारा. झालं, लोकांनी धुरळा उडवला. कोणी म्हणतं विष घातलं, कोणी म्हणतं नवीन केमिकल टेस्ट केलं मित्रांवर, कोणी म्हणतं घरात गॅस झाला म्हणून बाहेर पळाले, कोणी म्हणतं दारू पिऊन थंडीत गोठले आणि एका बाईने तर टॅरोचे, म्हणजे भविष्याचे, पत्ते काढून सांगितलं की पैशाचं भांडण होतं.

पोलीस मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते की ही खुनाची केस म्हणून आम्ही बघत नाहीये. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट यायच्या आधी हे कसं काय सांगू शकतात? कोणी तिकडचं असेल तर सांगा राव, डोकं बधिर झालंय.

वायफळ_वामन

घरमालक. केस क्लोज्ड. फी गूगल पे करा.

तिरका_प्रश्न

वामनराव 😄 पण खरंच, एक माणूस थंडीत पडून मेला तर समजू शकतो. तीन??? एकाच रात्री, एकाच घराच्या मागे, आणि एकालाही दार वाजवावंसं वाटलं नाही? फोन खिशात असतील ना. ९११ लावायला किती वेळ लागतो. माझं म्हणणं इतकंच आहे की हे तिघं आत मेले आणि नंतर बाहेर ठेवले गेले. गॅसची थिअरी तर बादच, कार्बन मोनॉक्साइड असता तर घरात झोपलेला आधी गेला असता.

अर्धा_कॅन्ससकर

मी इथलाच. म्हणजे राज्याच्या हद्दीच्या अलीकडे, कॅन्सस बाजूला ओव्हरलँड पार्कमध्ये राहतो (भारतातून आलेले लोक बरेचसे इकडेच आहेत), ते घर मिसुरी नदीच्या उत्तरेला, प्लॅट काउंटीत, एअरपोर्टच्या अंगाला. आमच्या ऑफिसात तेव्हा दोन महिने लंचला दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाची एक थिअरी आणि ज्याची थिअरी साधी असेल त्याच्याकडे कोणी बघायचं पण नाही.

आधी थंडीचं बोलतो कारण भारतातले सगळे व्हिडिओवाले यात घोळ घालतात. उणे वीस डिग्री उणे वीस डिग्री करत असतात ना, ती मॅच वेगळी. ती १३ जानेवारीची प्लेऑफ, मायामीविरुद्ध, ॲरोहेड स्टेडियममध्ये. तेव्हा खरंच उणे वीस सेल्सियसला मॅच झाली आणि पुढे हिमदंशाने काही प्रेक्षकांची बोटं कापायची वेळ आली. ती या सगळ्यानंतर सहा दिवसांनी. ७ तारखेची मॅच तर कॅन्सस सिटीत नव्हतीच, लॉस एंजेलिसला होती, म्हणून तर हे लोक टीव्हीवर बघत होते. त्या रात्री इथे तापमान शून्याच्या आसपास. थंडी होतीच, पण उभ्या उभ्या गोठून मरायची ती थंडी नव्हे. जॅकेट घालून लोक बाहेर सिगरेट ओढत उभे राहतात अशा हवेत.

आता घरमालकाला दिसलं कसं नाही. हे बघा, मला पण ते विचित्रच वाटतं, पण भारतात बसून जितकं अशक्य वाटतं तितकं नाही. जानेवारीत इथे बॅकयार्डकडे महिना महिना कोणी फिरकत नाही. ग्रिल झाकून ठेवलेलं असतं, पडदे ओढलेले असतात, माणूस गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये. आमच्या मागच्या अंगणात एक खुर्ची वाऱ्याने उलटी पडलेली, ती आम्हाला थेट मार्चमध्ये दिसली. आपल्याकडे खिडकीतून वाकून बघणाऱ्या शेजारीण काकू असतात, इथे ती सोय नाही. आणि समजा एखादा माणूस स्वतःच नशेत दोन दिवस आडवा असेल तर मग पंखा पण नको आणि हेडफोन पण नको.

घडल्यावर थोड्याच दिवसांत त्याने ते घर सोडलं. त्याचा पण अर्थ लोकांनी "पळाला" असाच लावला. ज्या घराच्या मागे आपले तीन मित्र मेले त्या घरात कोण राहील हो?

वायफळ_वामन

म्हणजे माझी फी बुडाली.

कोर्टपायरी

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो. "खुनाचा तपास नाही" याचा अर्थ "कोणाचाच दोष नाही" असा होत नाही. अंगावर जखमा नाहीत, गोळी नाही, झटापटीच्या खुणा नाहीत, एवढं बघून पोलीस तेवढं बोलू शकतात आणि तेवढंच बोलले. लोकांनी त्याचं भाषांतर केलं की पोलीस प्रकरण दाबतायत. तिकडचे पोलीस आणि सरकारी वकील ही वेगळी दुकानं आहेत. आरोप ठेवायचे की नाही ते निवडून आलेला सरकारी वकील ठरवतो.

आणि त्याने ठेवले. रात्रपाळी, तुमच्या व्हिडिओत हे नव्हतं का? ५ मार्च २०२५ ला, प्लॅट काउंटीचे सरकारी वकील एरिक झाँड यांनी दोघांवर आरोप जाहीर केले. एक तो घरमालक आणि दुसरा त्या पाच जणांबाहेरचा एक माणूस, त्या रात्री आधी निघून गेलेला पाचवा मित्र नव्हे. प्रत्येकावर अनैच्छिक मनुष्यवधाचे तीन आणि अमली पदार्थ पुरवल्याचे दोन आरोप. तिघांच्याही शरीरात फेंटॅनिल (अफूजातीचं अतिशय कडक औषध) आणि कोकेन सापडलं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की या दोघांनी तो माल दिला. हे आरोप होते, तेव्हा सिद्ध व्हायचे होते, आणि पाचव्या मित्राच्या वकिलाने तर सुरुवातीलाच सांगितलं होतं की तो निघाला तेव्हा बाकीचे चौघंही जिवंत होते.

आता चौदा महिने का लागले? रक्तात काय सापडलं ते काही आठवड्यांत कळतं. ते कोणाच्या हातून आलं हे सिद्ध करायला पिशव्यांवरचा डीएनए, फोनमधले मेसेज, जबाब असं सगळं जुळवावं लागतं. आपल्याकडे आठवा, मालवणी, मालाड, जून २०१५. संध्याकाळी गुत्त्यावर बसून प्यायले, दुसऱ्या दिवसापासून माणसं पडायला लागली, शंभरावर गेली. मिथेनॉल होतं हे लगेच कळलं, पण खालच्या कोर्टात निकाल लागायला २०२४ उजाडलं.

तिरका_प्रश्न

बरं, ड्रग्ज तर ड्रग्ज. पण माझा प्रश्न तिथेच आहे. ओव्हरडोस एकाचा होईल, दुसरा बघेल, तिसरा फोन करेल. तिघंही एकदम कसे आडवे? आणि घरमालक वाचला कसा, त्याने नाही का घेतलं? आणि बाहेर कशाला मरतील? कोणी डॉक्टर आहे का इथे.

ॲडमिन

मृतांची, त्यांच्या घरच्यांची आणि आरोपींची नावं किंवा फोटो टाकलेले प्रतिसाद उडवलेत. केसवर बोला, माणसांचे प्रोफाइल शोधून इथे आणू नका. पुन्हा झालं तर धागा बंद.

भूलवाली

मी ॲनेस्थेशियात आहे, नागपूरला. फेंटॅनिल माझ्या रोजच्या हातातलं औषध आहे म्हणून थोडं लांबट लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आमच्याकडे दोन मिलीचा अँप्यूल येतो, त्यात १०० मायक्रोग्रॅम. साधारण मोठ्या माणसाला ऑपरेशनच्या सुरुवातीला एवढंच, थोडं कमीजास्त. आणि एवढं देतानाही मी पेशंटच्या डोक्याशी उभी असते, ऑक्सिजन लावलेला, बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा, हातात मास्क, कारण दिल्यावर तो माणूस श्वास घेणं सोडू शकतो हे मला माहीत असतं, किंबहुना ते गृहीतच धरलेलं असतं. अमेरिकेच्या ड्रग खात्याने जीवघेणा म्हणून जो डोस सांगितलाय तो दोन मिलिग्रॅम. म्हणजे माझे वीस अँप्यूल. पावडरच्या हिशोबात पेन्सिलच्या टोकावर मावेल एवढं. मॉर्फिनच्या शंभर पट आणि हेरॉइनच्या पन्नास पट ताकद धरतात त्याची.

आता "तिघं एकदम कसे". लोकांच्या डोक्यात ओव्हरडोस म्हणजे फेस, झटके, आरडाओरडा. यात तसं काही नसतं हो. मेंदूला श्वास घ्यायची जी आठवण असते तीच पुसली जाते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा तुमचा-माझा जीव गुदमरतो, याचा गुदमरत नाही, त्याला छान वाटत असतं. मग माणूस बसल्या जागी पेंगतो, घरघर घोरतो, आणि शेजारचा म्हणतो चढलीय याला, झोपू दे. आणि तो शेजारचा पण त्याच पुडीतलं घेऊन बसलेला असेल तर? मदत मागायची शुद्ध तिघांचीही दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने जाऊ शकते. फोन खिशातच राहतो. ज्याने फोन करायचा त्यालाच काही चुकतंय असं वाटत नसतं, मुद्दा हा आहे.

दुसरं, कोकेन घेणाऱ्याच्या शरीराला अफूजातीच्या औषधांची सवय नसते. जुना हेरॉइनवाला कदाचित तगेल अशा डोसला हा पहिल्या झटक्यात जातो. कोकेनमध्ये फेंटॅनिल मुद्दाम मिसळलेलं असो की विकणाऱ्याच्या काट्यावर उरलेलं असो, कोणी ते फॅक्टरीसारखं घोटून एकजीव करत नाही. शिऱ्यातले बेदाणे समजा, एका घासात चार येतात आणि दुसऱ्यात एकही नाही. त्यामुळे एकाच टेबलावर बसून एक जण वाचला आणि तीन गेले यात मला काहीही गूढ दिसत नाही. त्याने घेतलं होतं की नव्हतं हे कोर्टात निघेल, पण "तो वाचला म्हणजे त्यानेच केलं" हे वैद्यकीयदृष्ट्या लंगडं आहे.

तिसरं, बाहेर का. माणसं बाहेर जातात कारण पार्टीत माणसं बाहेर जातातच. सिगरेट, मोकळी हवा, फोन, मळमळ. जो आत पडला असता तो बाहेर पडला. आणि दारू अधिक अफूजात अधिक शून्य डिग्री, यात श्वास थोडा तगून राहिला असता तरी थंडीने उरलंसुरलं काम केलं असतं, कारण दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि शरीराची ऊब भराभर जाते. प्रेतं ओढून बाहेर ठेवली म्हणणाऱ्यांसाठी: तसं झालं असतं तर पोस्टमॉर्टेममध्ये साकळलेल्या रक्ताच्या डागांवरून आणि खरचटल्याच्या खुणांवरून बहुतेक वेळा कळतं.

रिपोर्टला वेळ का लागतो तेही सांगते. पहिली चाळणी झटपट असते, पण अफूजातीची नेहमीची चाळणी फेंटॅनिल पकडतच नाही कारण त्याची रासायनिक ठेवण मॉर्फिनपेक्षा वेगळी आहे. त्याची वेगळी टेस्ट लावावी लागते आणि मग मशिनवर नक्की करावं लागतं. त्या गॅपमध्ये यूट्यूबवाले जेवून घेतात.

रात्रपाळी

डॉक्टर मॅडम दंडवत. वीस अँप्यूलचा हिशोब वाचून अंगावर काटा आला.

कोर्टपायरी, नाही हो, मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत मार्चचं काही नव्हतं. आत्ता मुद्दाम जाऊन बघितलं, सगळे फेब्रुवारी २०२४ च्या आसपासचे. गंमत म्हणजे फेंटॅनिलची बातमी सूत्रांच्या हवाल्याने तेव्हाच बाहेर आली होती, आणि खाली लोकांनी कमेंट टाकल्यात की हे तर घरच्यांचं तोंड बंद करायला सोडलेलं पिल्लू आहे. म्हणजे उत्तर आलं होतं पण कोणाला नको होतं.

सुमतीकाकू

रात्रपाळी, हे आपल्याला नवीन नाही रे बाळा. २०२० मध्ये मुंबईत त्या नटाच्या, सुशांतसिंह राजपूतच्या, मृत्यूनंतर काय काय बघितलं आपण. लॉकडाऊनमध्ये अख्खा देश सीआयडी झाला होता. काळी जादू काय, बिस्कीट काय, हिरव्या कापडाची मापं काय. ऑक्टोबर २०२० मध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने सांगितलं खून नाही. तरी त्याची मैत्रीण जवळजवळ महिनाभर तुरुंगात राहून आली, ड्रग्जच्या केसमध्ये. आणि सीबीआयने केस बंद करायचा रिपोर्ट दिला तोही थेट मार्च २०२५ मध्ये. त्या दिवशी एकाही चॅनलवर हेलिकॉप्टर दिसलं नाही मला. आमच्या भिशीच्या ग्रुपवर ज्यांनी तेव्हा रोज पंचवीस फॉरवर्ड पाठवले त्यांनी एक अंगठा पण टाकला नाही.

अमेरिकेतलंच आणखी एक. आयडाहोत नोव्हेंबर २०२२ मध्ये चार विद्यार्थी मारले गेले, तो तर खराखुरा खून. तेव्हा एका टॅरोवालीने टिकटॉकवर जाहीर केलं की इतिहासाच्या एका प्राध्यापक बाईंनी हे करवलं. त्या बाईंचा काडीचा संबंध नाही. शेवटी त्यांना बदनामीचा दावा लावावा लागला आणि कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पत्त्यांचं ऐकून मला तेच आठवलं.

तिरका_प्रश्न

काकू तुमचं मान्य, पण इथे थोडं वेगळं आहे असं नाही का वाटत? लोकांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्यावरच शेवटी आरोप झाले. मग लोक अगदीच चुकले कुठे? आवाज झाला नसता तर केस "अपघाती" म्हणून फाइलमध्ये गेली असती.

कोर्टपायरी

तिरका, बोट बरोबर माणसाकडे गेलं कारण बोट दाखवायला माणसंच दोन होती. पण लोकांनी सांगितलेला गुन्हा आणि कोर्टातला गुन्हा यांची तुलना करा. लोक म्हणत होते थंड डोक्याने विष, लॅबमधला प्रयोग, प्रेतांची हलवाहलव. आरोप आहे ड्रग्ज देण्याचा आणि त्या बेपर्वाईतून मृत्यू झाल्याचा. आपल्या कायद्यात खून कुठे आणि निष्काळजीपणाने मृत्यू कुठे, शिक्षेत केवढा फरक आहे. आणि दबावाचं म्हणाल तर घरच्यांचा दबाव मी समजू शकतो, ते पहिल्यापासून साधे आणि नेमके प्रश्न विचारत होते: गाड्या, दार, मेसेज. टॅरोवाल्यांनी त्यात काय भर घातली?

अर्धा_कॅन्ससकर

सहमत. आणि आमच्या ऑफिसातलं सांगतो, सगळ्यात जास्त कोणी चिडलं माहितीये का, जेव्हा मी पहिल्यांदा म्हणालो की अरे ओव्हरडोस असेल. "ती चांगल्या घरची पोरं आहेत, नोकरीवाली, बायका-पोरांवाली." अहो पण १८ ते ४४ वयाच्या अमेरिकन माणसाच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारणच ओव्हरडोस आहे, अपघात आणि गोळीबाराच्या पण वर. २०२१ ते २०२३ दरवर्षी लाखाच्या वर माणसं गेली, आणि त्यात मोठा वाटा फेंटॅनिलसारख्यांचा. त्या वयाचे तीन जण शनिवार-रविवारच्या पार्टीनंतर मेलेले सापडले तर डोळे झाकून पहिला अंदाज तोच यायला हवा. पण तो म्हटला की ऐकणाऱ्याला वाटतं मेलेल्याची बदनामी केली. विषप्रयोग म्हटलं की मेलेला बिचारा निर्दोष राहतो. मला वाटतं अर्ध्या थिअऱ्या यातूनच निघाल्या.

त्यात पुढच्याच महिन्यात चीफ्सने सुपर बोल (त्यांच्या फुटबॉलची फायनल) जिंकला आणि १४ फेब्रुवारीच्या विजय मिरवणुकीत गोळीबार झाला, एक बाई गेली, वीसेक लोकांना गोळ्या लागल्या. सगळे कॅमेरे तिकडे वळले. या तिघांची केस इथल्या टीव्हीवर मागे पडली आणि फक्त इंटरनेटवाल्यांच्या हातात राहिली.

वायफळ_वामन

आता जरा सिरियस. तिथे मित्र असा पडला आणि आपण पण घेतलेली आहे, तर माणूस ९११ ला फोन करायला घाबरणारच ना? पोलीस आधी बेड्या घालतील.

कोर्टपायरी

म्हणूनच बऱ्याच राज्यांत कायदा केलाय. मिसुरीत २०१७ पासून आहे. ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर आणि ज्याचा ओव्हरडोस झाला त्याच्यावर स्वतःजवळ बाळगल्याची केस होत नाही. विकणाऱ्याला मात्र ही सूट नाही.

सुमतीकाकू

डॉक्टर, एक विचारू का, विषय सोडून आहे थोडा. माझा भाचा ऑगस्टमध्ये एमएसला चाललाय, मिडवेस्टातच. सुपारी पण खात नाही पोरगा, पण रूममेट कोण कुठला मिळेल काय सांगावं. त्या नाकात मारायच्या स्प्रेचं ऐकलंय मी, ते खरं असतं का? आणि ते न घेतलेल्या माणसाला मारलं तर काही होतं का?

भूलवाली

काकू, नॅलॉक्सोन. खरं आहे, आम्ही ओटीत तेच इंजेक्शनमधून देतो. अफूजातीचं औषध मेंदूत जिथे चिकटतं तिथून ते त्याला हुसकावतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. समोरच्याने काही घेतलेलंच नसेल तर काहीही होत नाही, म्हणून शंका असेल तर मारायचाच. फक्त एक लक्षात ठेवायला सांगा: त्याचा असर फेंटॅनिलच्या आधी उतरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायचीच आणि त्याला एकटं सोडायचं नाही. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घोरण्याचा विचित्र आवाज आणि हलवून जागा होत नाही, एवढं दिसलं की वाट बघायची नाही. एका कुशीवर वळवायचं.

अर्धा_कॅन्ससकर

काकू, २०२३ पासून इथे चिठ्ठीशिवाय मिळतो, कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये, दोनचा पॅक तेव्हा साधारण ४५ डॉलरला होता. बऱ्याच युनिव्हर्सिटीत आणि काउंटीच्या आरोग्य खात्यात फुकट देतात, कोणी नाव-गाव फारसं विचारत नाही. तिकडून आणायच्या भानगडीत पडू नका, बॅगेत मसाल्यांना जागा लागेल. गाव कळलं की इथे लिहा, जवळ कुठे मिळतो ते बघून सांगतो.

सुमतीकाकू

लिहिते. ॲडमिशनचं पत्र आलंय, व्हिसाची तारीख तेवढी मिळत नाहीये.